ठिपके

गिरगावातील एका जुन्या चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर, बाहेरच्या खोलीत, खिडकीच्या अंगाला एक काचपेटी होती आणि त्या पेटीत दोनशे लिटर समुद्र नांदत होता. समुद्र म्हणावयाचे ते केवळ सवयीने. चौपाटी हाकेच्या अंतरावर असली तरी तिचे गढूळ पाणी या कामी उपयोगाचे नव्हते. नळाचे पाणी गाळून घ्यावे, त्यात दर लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम या प्रमाणात क्षारांचे मिश्रण विरघळवावे आणि घरच्या घरी समुद्र सिद्ध करावा, असा मास्तरांचा परिपाठ होता. निवृत्तीनंतर माणसे तीर्थयात्रेला निघतात. मास्तरांनी समुद्रच घरी आणला होता.

त्या समुद्रात थोडी प्रवाळे होती, दोन कोळंब्या होत्या, आणि नारिंगी अंगावर पांढरे पट्टे मिरविणारी विदूषक माशांची एक जोडी होती. मोठी ती मादी आणि धाकटा तो नर. मास्तरांची नात शाळेतून आली की दप्तर टाकून प्रथम पेटीपाशी जाई. एवढ्याने कोणाचेही समाधान व्हावे. परंतु हौशी माणसाची पेटी कधी पुरी भरलेली नसते. एका रविवारी मास्तरांनी बोटभर लांबीचा, गर्द निळ्या रंगाचा, पिवळ्या शेपटीचा एक टँग विकत आणला. पेटी त्याच्या मानाने लहानच होती. पण नातीने त्याच्याकडे एकदा पाहिले आणि मास्तरांचा विवेक तेथेच संपला. नवा मासा काही आठवडे वेगळा ठेवावा, हा नियम त्यांना ठाऊक नव्हता असे नाही. वेगळी पेटी मांडावयाला घरात जागा नव्हती इतकेच. टँग त्याच संध्याकाळी थेट पेटीत गेला.

आठव्या दिवशी त्याच्या कल्ल्यावर मिठाच्या कणाएवढे चार-पाच पांढरे ठिपके दिसले. तो मधूनच दगडाला अंग घासू लागला. मास्तर अस्वस्थ झाले. परंतु तीन दिवसांनी सकाळी नातच ओरडत आली, "आजोबा, ठिपके गेले! तुम्ही उगाच घाबरला होता." ठिपके खरोखरच गेले होते. मास्तरांनी त्या दिवशी माशांना नेहमीपेक्षा थोडा अधिक खाऊ घातला.

या रोगाचे सारे कपट या एका सकाळीत आहे. तो ठिपका म्हणजे एकपेशीय परोपजीवी जीव असतो. माशाच्या त्वचेखाली आणि कल्ल्यांत शिरून तो तीन ते सात दिवस माशाच्या पेशींवर पोसतो, पुष्ट होतो आणि मग आपण होऊन यजमानाला सोडतो. तो जातो तो बहुधा रात्री. तळाच्या वाळूत किंवा दगडावर चिकटून तो आपल्याभोवती कठीण कवच घडवितो. आत त्याचे विभाजन होत राहते, आणि एका कवचातून दोनशेपर्यंत, कधी त्याहूनही अधिक, पिल्ले बाहेर पडतात. त्यांची वेळही ठरलेली, पहाटेच्या अंधारातली. जन्मल्यापासून एकदोन दिवसांत मासा सापडला नाही, तर ती मरतात.

अथांग समुद्रात त्यांतल्या बहुतेकांना मासा सापडत नाही. म्हणूनच तेथे एखाद्या माशाच्या अंगावर दोनचार ठिपके असले तरी तो सुखाने जगतो. दोनशे लिटरांच्या समुद्रात मात्र चुकावयाला जागाच नाही. निसर्गात जे अपघाताने घडावयाचे, ते काचेच्या चार भिंतींत नियमाने घडते.

जगाला या जीवाचा परिचयही बराचसा पेटीतल्या माशांमुळेच झाला. जपानमध्ये सिकामा यांनी १९३७ साली या रोगाचे वर्णन केले. १९५१ साली ब्राउन यांनी त्या जीवाला 'क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स' हे नाव दिले. त्याचा अर्थ गुप्त केंद्रक असलेला, त्रास देणारा. गोड्या पाण्यातील माशांनाही असेच ठिपके येतात. पण तो जीव दिसावयाला सारखा असला तरी याचा निकटचा नातलग नव्हे.

ठिपके गेल्याच्या आनंदाला आठवडा झाला नसेल, तोच टँगचे निळे अंग पीठ भुरभुरल्यासारखे पांढरे झाले. विदूषक माशांच्या पंखांवरही कण दिसू लागले. मोठी मादी पाण्याच्या पृष्ठाशी येऊन भराभर श्वास घेत होती. ठिपके त्वचेवर दिसतात, पण प्राण जातात ते कल्ल्यांच्या मार्गाने.

आता जागा निघाली. स्वयंपाकघरातील ओट्याखालचे डबे बाहेर आले आणि तेथे साठ लिटरांची एक उघडी पेटी बसली. वाळू नाही, दगड नाही. लपावयाला तेवढे नळाचे दोन तुकडे. औषध ठरले ते मोरचूद. मास्तरांचे बालपण कोकणात गेले होते. पावसाळ्याच्या तोंडाला सुपारीच्या बागेत चुना आणि मोरचूद यांचे मिश्रण फवारताना त्यांनी वडिलांना पाहिले होते. तेथे ते शेरांनी आणि किलोंनी लागे. येथे लिटरला अवघे ०.२ मिलिग्रॅम तांबे हवे होते. मास्तरांनी कागदावर त्रैराशिक मांडले. साठ लिटरांना बारा मिलिग्रॅम तांबे, म्हणजे सुमारे ४७ मिलिग्रॅम मोरचूद, तांदळाच्या दोन दाण्यांचे वजन. याहून उणे पडले तर रोग जगतो आणि फार अधिक झाले तर मासा मरतो. म्हणून आधी मोठ्या मोजमापाने द्रावण करून त्यातले थोडे थोडे थेंब दोनतीन दिवसांत घालावयाचे आणि रोज पाणी तपासावयाचे.

तांबे त्वचेखालच्या जीवाला शिवत नाही, कवचातल्यालाही नाही. ते मारते फक्त पोहत निघालेल्या पिल्लांना. चोर घरात असताना हाती लागत नाही, त्याला वाटेतच गाठावे लागते. आणि सारे चोर एकदम वाटेला लागत नाहीत. म्हणून हा पहारा चार-सहा आठवडे चालवावा लागतो. मोठ्या पेटीत तो बसविणे शक्यच नव्हते, कारण ज्या तांब्याने मासा वाचतो त्यानेच कोळंबी आणि प्रवाळ मरतात. पाण्याचा खारेपणा निम्म्याहून खाली आणण्याचा दुसरा उपायही त्यांना सोसणारा नव्हता. तेव्हा त्या पेटीला एकच औषध उरले, मासा नसणे. कवचे बहुधा चार आठवड्यांच्या आत फुटतात, परंतु सत्तराहून अधिक दिवसांनी फुटल्याचीही नोंद आहे. मास्तरांनी अकरा आठवडे धरले.

टँग दुसऱ्या दिवशीच गेला. चौथ्या दिवशी मादी गेली. नातीने विचारले, "आजोबा, त्याला आधीच इथे ठेवला असता तर?"

"तर ठिपके इथेच दिसले असते," मास्तर म्हणाले. पुढे ते काही बोलले नाहीत आणि तिनेही विचारले नाही.

धाकटा नर तेवढा तगला. सहा आठवड्यांचे तांबे सोसून तो बरा झाला, तरी त्याला आणखी पाच आठवडे ओट्याखालीच काढावे लागले. मोठ्या पेटीत दिवा लागे, कोळंब्या फिरत, आणि पाहणारा येऊन उगाच मासे शोधी. त्या दिवसांत मास्तरांनी नातीला 'क्वारंटीन' या शब्दाची कथा सांगितली. व्हेनिसच्या बंदरात प्लेगच्या भयाने जहाजे चाळीस दिवस थांबवून ठेवीत. चाळीस या अर्थाच्या तेथील शब्दावरून तो शब्द आला. "म्हणजे आपले सहा आठवडे," तिने बोटांवर मोजून सांगितले, "दोन दिवस जास्तच."

नर आपल्या घरी परतला. या माशांची एक विलक्षण रीत आहे. मादी गेली की मागे राहिलेला नरच पुढे मादी होतो आणि धाकट्या माशाला नराचे स्थान मिळते. त्यासाठी जोडीला कोणी हवे, म्हणून एक लहानसा विदूषक मासा आणला गेला. तो मात्र अद्याप ओट्याखाली आहे.

स्वयंपाकघराच्या दारामागे दिनदर्शिका टांगलेली असते. नात रोज सकाळी गुडघे टेकून पेटीत डोकावते, माशाची एक बाजू पाहते, तो वळेपर्यंत थांबते, दुसरी बाजू पाहते, आणि मग दिनदर्शिकेवर पेन्सिलीने फुली मारते. काल तेविसावी फुली पडली. "आजोबा, एकही ठिपका नाही," ती म्हणाली. मास्तरांनी चष्मा पुसला, तेही हळूहळू गुडघ्यांवर बसले आणि मासा वळण्याची वाट पाहू लागले.