डोईपट्टीतून उठलेला वाडा

रॅलेहून हायवे ७० धरून पूर्वेला निघालं की दोनेक तासांत न्यू बर्न येतं. नूस आणि ट्रेंट नद्यांच्या संगमावरचं नॉर्थ कॅरोलायनातलं हे टुमदार गाव पेप्सीचं जन्मगाव म्हणून मिरवतं. आम्हाला मात्र ब्रिटिश गव्हर्नर विल्यम ट्रायनचा वाडा बघायचा होता.

लाल विटांची, दिमाखदार, मोजूनमापून बांधलेली इमारत. एका बाजूला स्वयंपाकघर, दुसऱ्या बाजूला तबेला. दोन्ही मुख्य घराला गोलाईतल्या खांबांच्या पडव्यांनी जोडलेले. इंग्लंडहून ट्रायनबरोबर आलेल्या जॉन हॉक्सने ती १७६७ ते १७७० या काळात उभारली. खर्च सुमारे पंधरा हजार पौंड. हा पैसा बव्हंशी करांतून आला, आणि त्यांत डोईपट्टीही होती. म्हणजे हजारो एकरांच्या जमीनदाराला डोईमागे जेवढी पट्टी, तेवढीच पश्चिमेकडे जंगल तोडून चार एकर कसणाऱ्यालाही. त्या भागात रोख पैसा दिसायची मारामार. वसुलीला येणारे शेरीफ स्वतःचे खिसे भरत आणि पट्टी थकली की जनावरं, भांडीकुंडी उचलून नेत. वाडा ज्यांच्या पैशांतून उठत होता, त्यांतल्या बहुतेकांच्या नजरेलाही तो कधी पडणार नव्हता.

हे शेतकरी स्वतःला ‘रेग्युलेटर’ म्हणवत. अर्जविनंत्या करून थकल्यावर १७७० मध्ये त्यांनी हिल्सबरोचं कोर्ट बंद पाडलं आणि एडमंड फॅनिंग या बड्या अधिकाऱ्याचं घर मोडून टाकलं. ट्रायन फौज घेऊन निघाला. १६ मे १७७१ रोजी अलामान्स इथे सुमारे हजार शिपायांनी जवळपास दोन हजार शेतकऱ्यांचा दोनेक तासांत धुव्वा उडवला. एकाला रणांगणावरच फाशी दिलं, महिन्याभराने हिल्सबरोला आणखी सहांना.

सगळं खापर ट्रायनच्या डोक्यावर फोडणं सोपं आहे, आणि ते तितकंसं न्याय्य नाही. वाड्याचा पैसा मंजूर केला तो वसाहतीच्याच निवडून आलेल्या सभेने. अलामान्सला ट्रायनच्या बाजूने लढलेला रिचर्ड कॅझवेल पुढे स्वातंत्र्याच्या बाजूला गेला, आणि १७७७ मध्ये राज्याचा पहिला गव्हर्नर म्हणून त्याने शपथ घेतली ती याच वाड्यात! ट्रायन स्वतः इथे जेमतेम वर्षभर राहिला. अलामान्सनंतर काही आठवड्यांतच तो न्यूयॉर्कचा गव्हर्नर म्हणून निघून गेला, आणि पुढे स्वातंत्र्ययुद्धात त्याने कनेक्टिकटमधली गावं जाळली.

आता आपण ज्या दिवाणखान्यांतून फिरतो ते मात्र मूळचे नाहीत. १७९८ मध्ये तळघरातलं गवत पेटलं आणि मुख्य इमारत जळून गेली. मोड मूर लॅथम या बाईंच्या देणगीतून आणि हॉक्सच्या जपलेल्या नकाशांवरून ती पुन्हा बांधली, तीही पायावरून जाणारा रस्ता हलवून. १९५९ मध्ये ती लोकांसाठी खुली झाली. मूळचा उरला आहे तो तबेला. तिथल्या जुन्या विटा जरूर बघा. माझ्या मते सगळ्या वाड्यात खरं बघण्यासारखं तेवढंच.

सवड असेल तर अलामान्सलाही जा. गाडीने तीनएक तास लागतात. एक मोकळं मैदान आणि १८८० मध्ये उभारलेला ग्रॅनाइटचा स्मारकस्तंभ आहे तिथे. वाड्याला तिकीट पडतं. मैदान बघायला एक पैसा लागत नाही.