एका हंगामाचें आयुष्य

मी खेळाडू नाहीं, हें प्रथमच सांगून टाकतों. माझी हयात शब्दरूपावली, समासचक्र आणि मुलांच्या वह्या यांत गेली. असें असतां रग्बीसारख्या धसमुसळ्या आंग्ल खेळाविषयीं मीं लेखणी उचलावी, याचें वाचकांस नवल वाटेल. परंतु त्या खेळाच्या निमित्तानें माझी एक जुनी चूक मला उमगली, आणि ती सांगितल्याखेरीज चैन पडत नाहीं.

सन २००७ च्या सप्टेंबरांत बहिणीच्या आजारपणामुळें ऑस्ट्रेलियांत मेलबर्न येथें सहा आठवडे राहण्याचा योग आला. भाचा सोळा वर्षांचा, शाळेच्या रग्बी-संघांतला. “मामा, तुम्ही चलाच,” म्हणून त्यानें एका शनिवारीं मला सामन्यास ओढून नेलें. थंडीनें मी शालींत गुरफटून बसलों होतों. दोन्ही बाजूंस पंधरा-पंधरा धिप्पाड गडी, मध्यें एक लंबगोल चेंडू. अर्धा घटकाभर मला झोंबाझोंबीवांचून कांहीं दिसेना. मग भाच्यानें एक नियम सांगितला. चेंडू घेऊन खुशाल पुढें धांवावें, पण हातानें दुसऱ्यास द्यावयाचा झाल्यास तो पुढें फेंकतां कामा नये. मागून येणाऱ्याच्याच हातीं द्यावा. हें ऐकून मी सावरून बसलों. असा नियम ज्याला सुचला तो माणूस अगदींच रानटी नसावा!

त्या स्पर्धेचें नांव ऑस्ट्रेलियन रग्बी चॅंपियनशिप. तिचें तें पहिलेंच वर्ष. न्यूझीलंडांत प्रांतिक सामने होते, दक्षिण आफ्रिकेंत करी कप होता. ऑस्ट्रेलियांत मात्र शहरांतील क्लब आणि सुपर १४ ही बलाढ्य स्पर्धा, यांच्यामध्यें तरुण गड्यानें पाय ठेवावा अशी पायरीच नव्हती. ती बांधण्यासाठीं आठ संघ उभे केले. तीन न्यू साउथ वेल्सचे, दोन क्वीन्सलंडचे आणि कॅनबरा, मेलबर्न व पर्थ यांचा एकेक. राष्ट्रीय संघ त्याच वेळीं विश्वचषकासाठीं फ्रान्सला गेलेला. त्यामुळें नव्या पोरांना मैदान मोकळें मिळालें. पर्थच्या संघांत डेव्हिड पोकॉक नांवाचा एकोणीस वर्षांचा मुलगा खेळत होता. पुढल्याच वर्षीं तो राष्ट्रीय संघांत गेला आणि कालांतरानें त्याचा कप्तानहि झाला.

अंतिम सामन्यांत सेंट्रल कोस्टच्या संघानें मेलबर्नला हरविलें. भाचा दोन दिवस धड जेवला नाहीं. पण त्याहून मोठा घाव पुढेंच होता. स्पर्धेंत सुमारे ४७ लक्ष डॉलरांची तूट आली, आणि डिसेंबरांत तेथील रग्बी-मंडळानें ती बंदच करून टाकली. आठ संघ, एक हंगाम, संपलें.

मी तोंवर घरीं परतलों होतों. भाच्याचें संतापानें भरलेलें पत्र आलें. मीं वडीलकीच्या सुरांत उत्तर लिहिलें कीं, जमाखर्च न पाहणारी संस्था बुडते, मंडळानें केलें तें योग्यच केलें. त्यावर त्याचें दोन ओळींचें पत्र : “मामा, तुमच्या संस्कृतच्या तुकडींत यंदा मुलें किती? हिशेब पाहून ती केव्हां बंद करणार?”

मुलें अकरा होतीं.

पत्र हातांत घेऊन मी बराच वेळ बसलों. कारण त्यापूर्वीं बारा वर्षें, १९९५ सालीं, असाच एक जमाखर्च मीं स्वतः पाहिला होता. तालुक्यांतील शाळांच्या आट्यापाट्यांच्या सामन्यांचा मी चिटणीस होतों. पहिल्या वर्षीं सात शाळा आल्या, अकराशें रुपयांची तूट आली. ती मी चार घरीं हिंडून भरून काढूं शकलों असतों. पण भीड वाटली, आणि खरें सांगायचें तर कंटाळाहि. सामने बंद झाले. एका खेड्यांतील मुलांना हें कोणीं कळविलें नाहीं. तीं वर्षभर तिन्हीसांजेला पाट्या आंखून सराव करीत राहिलीं, आणि पुढल्या मार्गशीर्षांत त्यांतला एक मुलगा सायकलीवरून नऊ मैल येऊन मला विचारूं लागला, “गुरुजी, यंदा सामने कोणत्या तारखेला?” मीं त्याला काय सांगितलें तें आठवत नाहीं. पाणी विचारलें नाहीं, एवढें आठवतें.

ऑस्ट्रेलियांतील मंडळानें २०१४ सालीं निराळ्या नांवानें तीच पायरी पुन्हा बांधून पाहिली. ती २०१९ पर्यंत टिकली, म्हणजे सहा हंगाम. भाचा आतां तिशी ओलांडलेला गृहस्थ आहे. शनिवारीं सकाळीं लहान मुलांना फुकट रग्बी शिकवितो, आणि माझ्याशीं या विषयावर वाद घालीत नाहीं.

आट्यापाट्यांचें इतिवृत्ताचें बाड अजून माझ्या फडताळांत आहे. शेवटच्या पानावर माझ्याच वळणदार अक्षरांत लिहिलें आहे : ‘उत्पन्नाहून खर्च अधिक, सबब सामने रहित.’ खालीं सही माझी.