ऊन बाहेर, उजेड आत

नाट्यगृहाच्या किंवा संग्रहालयाच्या काचेचा विषय निघाला की मी आधी फॉयरबद्दल विचारते. दालनांना काच फारशी लागतच नाही. जलरंग, वस्त्रं, हस्तलिखितं यांच्यावर ५० लक्सपेक्षा जास्त उजेड पडू देत नाहीत. काच हवी ती लोक जमतात, जिने चढतात, मध्यंतरात बोलत उभे राहतात तिथे. तिथे आरशासारखी गडद काच बसवली की इमारत दिवसभर रस्त्याकडे पाठ फिरवून उभी राहते. ऑफिसला ते चालत असेल, नाट्यगृहाला मला ते अजिबात चालत नाही.

उन्हातली जवळपास निम्मी ऊर्जा डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांतून येते, म्हणून उजेड ठेवून ऊन अडवता येतं. निर्वात कक्षात काचेवर चांदीचे दोन-तीन थर चढवतात, एकेक थर साधारण १० नॅनोमीटरचा. तीन थरांच्या चांगल्या काचेतून ६० टक्के उजेड येतो आणि उष्णता ३० टक्क्यांच्या आसपास. उघड्यावर ही चांदी खराब होते, म्हणून ती दोन काचांमधल्या बंद पोकळीत, बाहेरच्या काचेच्या आतल्या अंगाला ठेवतात.

साइटवर मी हे लायटरनं तपासते. ज्योत काचेजवळ धरली की चार पृष्ठभागांची चार प्रतिबिंबं एकामागे एक दिसतात. त्यातल्या एकाचा रंग वेगळा, जांभळट किंवा लालसर. बाहेरून मोजताना ते दुसरं हवं. तिसरं निघालं तर तावदान उलटं बसलंय. कोटिंगनं शोषलेली उष्णता मग आतल्या काचेतून थेट माणसांकडे येते. काढायला लावते.

हॅम्बुर्गच्या एल्बफिलहार्मोनी या संगीतगृहात (२०१७) हर्झोग आणि द म्यूरॉन यांनी आणखी एक उपाय वापरला. विटांच्या जुन्या गोदामावर चढवलेल्या या इमारतीला सुमारे ११०० तावदानं आहेत, त्यातली कितीतरी वाकवलेली. त्यांवर राखाडी आणि क्रोमचे ठिपके छापलेत. ठिपके ऊन अडवतात, मधल्या मोकळ्या काचेतून बंदर दिसत राहतं.

सॅम्पल मी नेहमी साइटवरच, पांढऱ्या कागदावर धरून बघते. साध्या काचेतलं लोह आणि चांदीचे जास्त थर मिळून आत हिरवट छटा आणतात, आणि ती चेहऱ्यांवर पडते. म्हणून कमी लोहाची काच मागते. बजेट तुटत असेल, तर पश्चिमेची काच कमी करा म्हणते, उरलेलीचा दर्जा नाही.