खटक्याचे उत्तर

मराठीत 'खटका' हा शब्द क्वचितच चांगल्या अर्थाने येतो. भावाभावांत खटके उडतात, बंदुकीचा खटका ओढला जातो, एखाद्याचे बोलणे आपल्याला खटकते. तथापि ज्यांची सारी उमेद कळा दाबण्यात गेली, त्या आमच्यासारख्या टंकलेखकांना हा शब्द प्रिय आहे. कळ दाबली, खट् असा आवाज झाला, म्हणजे अक्षर उमटले. डोळ्यांनी पाहण्याची गरज नाही. बोटाने प्रश्न विचारावा आणि यंत्राने तत्काळ उत्तर द्यावे, असा हा व्यवहार. आज बाजारात मिळणारे बहुतेक कळफलक मुके झाले आहेत. म्हणून त्या बोलक्या खटक्याविषयी चार शब्द लिहावेत असे मनात आले.

आम्ही टंकलेखन शिकलो ते नांदेडला. डोंगरकड्याहून नांदेडकडे जाणारी एस.टी. सकाळी गाठायची, तासभर शिकायचे आणि दुपारपर्यंत परतून केळीच्या बागेत वडिलांच्या हाताखाली उभे राहायचे, असा तो काळ होता. आमच्या वडिलांच्या पिढीने निजामाच्या राज्यात उर्दू कारभार पाहिला होता. १९४८ साली ते राज्य गेले, १९६० साली महाराष्ट्र झाला आणि १९६४ च्या राजभाषा अधिनियमानंतर सरकारी कागद मराठीत लिहिला जाऊ लागला. मराठवाड्यातल्या मुलाला आपल्या आईच्या भाषेत टंकलेखन करून पगार मिळू शकतो, ही गोष्ट तेव्हा नवीन होती. मराठीचे मिनिटाला ३० शब्द आणि इंग्रजीचे ४० शब्द, एवढी पुंजी हाती आली की लिपिक-टंकलेखकाच्या जागेसाठी अर्ज करता येई. जिरायती चार एकरांवर ज्या घराचे भागत नसे, त्या घराला ते प्रमाणपत्र म्हणजे विहिरीला लागलेले पाणीच वाटे.

संस्थेत पाऊल टाकले की पत्र्यावर गारा पडाव्यात तसा आवाज कानी येई. तिथे बोटांना शिकवण होती ती कान आणि स्पर्श यांच्या आधारे. यंत्राच्या कळांवर पुठ्ठ्याचे झाकण घातलेले असे. पाहायचे नाही असा दंडक. करंगळीची कळ नीट दाबली गेली नाही तर अक्षर फिकट उमटे आणि गुरुजी दुरूनच म्हणत, "करंगळी झोपली का रे?" त्यांना कागद दिसत नसे. त्यांनी आवाजावरून ओळखलेले असे.

देवनागरी यंत्राची तर गंमतच निराळी. त्यावर काही कळा अशा असत की त्या दाबल्या तरी गाडा पुढे सरकत नसे. उकार अगोदर उमटवायचा आणि मग त्याच जागेवर अक्षर. 'कि' लिहिताना आधी वेलांटी, नंतर 'क', कारण कागदावर ती आधी दिसते. पुढे संगणकासाठी इन्स्क्रिप्ट नावाची मांडणी ठरली, तिच्यात उच्चाराचा क्रम आला: आधी 'क', मग वेलांटी. अनेक वर्षांची सवय बोटांना मोडावी लागली. पण ज्यांना कळेचा प्रतिसाद ओळखता येत होता, ते नव्या मांडणीतही लवकर रुळले, असे आम्ही आमच्याच कचेरीत पाहिले. क्रम बदलला तरी कान तोच होता.

आमच्या पिढीचे यंत्र म्हणजे गोदरेज. १९५५ साली गोदरेज अँड बॉइसने भारतीय बनावटीचा टंकलेखन यंत्राचा कारखाना सुरू केला. पुढे हे काम सातारा जिल्ह्यातील शिरवळलाही चाले. त्या यंत्रात एकही गोष्ट झाकलेली नव्हती. कळ, तिची दांडी, दांडीच्या टोकाचा खिळा, फीत आणि रूळ हे सारे डोळ्यांसमोर. बिघाड झाला तर मेकॅनिक रॉकेल आणि ब्रश घेऊन येई आणि दांडी सरळ करून जाई. वीज लागत नसे, हा आमच्या भागात मोठाच गुण होता. भारनियमनाच्या दिवसांत अख्खे गाव अंधारात असताना कंदिलाच्या उजेडात आम्ही अर्ज उमटवून दिले आहेत. २००९ साली कंपनीने या यंत्रांचे उत्पादन थांबवले. त्यानंतरच्या दशकात राज्य परीक्षा परिषदेची टंकलेखन परीक्षाही संगणकावर गेली. मग गावोगावच्या संस्थांतील यंत्रे भंगाराच्या भावात, किलोवर विकली गेली. ज्या यंत्रावर शेकडो मुलांनी पोट भरायला शिकावे, ते लोखंड म्हणून तोलले जावे, याचे दुःख त्या संस्थाचालकांनाच ठाऊक.

असो. काळाबरोबर संगणक यायचाच होता आणि त्याने टंकलेखकाचे कष्ट पुष्कळ हलके केले, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. एक अक्षर चुकले म्हणून कार्बनसह चार प्रती फाडण्याचा प्रसंग आता कोणावर येत नाही. आमचे म्हणणे फक्त कळफलकापुरते आहे.

संगणकाचा कळफलक पहिल्यापासून मुका नव्हता. आरंभी तो वापरणारी माणसे टंकलेखन यंत्रावर वाढलेली होती. बोटाला उत्तर मिळाले नाही तर ती गोंधळतील, हे कारखानदार जाणून होते. अमेरिकेतील आयबीएम कंपनीने १९८१ च्या आपल्या संगणकासोबत आणि १९८५ नंतरच्या 'मॉडेल एम' नावाच्या कळफलकात प्रत्येक कळेखाली एक स्प्रिंग ठेवली. कळ दाबत गेले की ठरावीक ठिकाणी ती स्प्रिंग एकदम वाकते, खट् असा आवाज होतो आणि त्याच क्षणी अक्षराची नोंद होते. स्पर्श, आवाज आणि नोंद ही तीन कामे एका क्षणात बांधलेली! ते कळफलक आज चाळीस वर्षांनंतरही जगभर हौशी माणसे शोधून, धुऊनपुसून वापरतात.

दुसरी रीत चेरी या कंपनीची. १९८० च्या दशकात जर्मनीत तिने जे खटके तयार केले, त्यांत प्रत्येक कळेला स्वतंत्र डबी असते. आत एक स्प्रिंग आणि धातूच्या दोन पात्या. कळ खाली गेली की अडसर सरकतो, एक पाती दुसरीला जाऊन भिडते आणि वीज वाहते. पातीच्या टोकाला सोन्याचा मुलामा असल्याने गंज लागत नाही. निळ्या रंगाच्या खटक्यात आणखी एक छोटी कडी असते, ती निसटून खाली पडते तोच तो आवाज. कळ एकंदर ४ मिलिमीटर खाली जाते, पण अक्षर जवळपास निम्म्या वाटेवरच उमटते. म्हणून तळ गाठेपर्यंत जोर लावावा लागत नाही आणि संध्याकाळी बोटे दुखत नाहीत. चेन्नईच्या टीव्हीएस इलेक्ट्रॉनिक्स कंपनीने आपल्या 'गोल्ड' या कळफलकात अनेक वर्षे हेच निळे खटके वापरले. आपल्याकडच्या कचेऱ्यांत, तिकीट खिडक्यांवर आणि टंकलेखनाच्या चाचणीची तयारी करणाऱ्या मुलांच्या टेबलांवर तो पोहोचला तो याच गुणामुळे.

स्वस्त कळफलकाची रचना पाहा. कळेखाली रबराची घुमटी आणि त्याखाली प्लॅस्टिकचे पातळ पापुद्रे. घुमटी दबली की वरचा पापुद्रा खालच्याला टेकतो. खर्च कमी, आवाज कमी. मात्र रबर दिवसेंदिवस सैलावते, काही कळा जड होतात, काही ढिल्या पडतात आणि एक कळ गेली तरी सारा फलक फेकावा लागतो.

टिकाऊपणाचा हिशेब आम्ही एकदा कागदावर मांडला. मिनिटाला ३० शब्द, शब्दाला सरासरी ५ कळा धरल्या तर तासाला ९,००० ठोके होतात. दिवसाला चार तास आणि वर्षाला ३०० दिवस काम केले तर वर्षाचे १ कोटी ८ लाख. त्यातला दहावा हिस्सा एकाच लाडक्या कळेवर पडला असे मानले, तर तिला वर्षाला सुमारे १० लाख ८० हजार ठोके सोसावे लागतात. रबरी कळेचे आयुष्य सामान्यतः ५० लाख ते १ कोटी ठोक्यांचे सांगतात, म्हणजे पाच ते नऊ वर्षे. चेरीच्या खटक्याचे आयुष्य कंपनी पूर्वी ५ कोटी सांगत असे. भागाकार केला तर ४६ वर्षे येतात! एका माणसाच्या नोकरीहून अधिक. कंपनीचा आकडा प्रयोगशाळेतला असतो, तिथे आमच्या गावची धूळ नसते, हे मान्य करूनही फरक डोळ्यांत भरतो.

या हिशेबाचे मोल आम्हाला कळले ते आमच्या पुतणीमुळे. ती डोंगरकड्यातच अर्ज भरून देण्याचे केंद्र चालवते. पीकविमा, उत्पन्नाचा दाखला, सातबारा, शिष्यवृत्ती, सारे तिच्या टेबलावरून जाते. केळीच्या हंगामात आणि विम्याच्या शेवटच्या तारखेला तिच्या दारात सकाळपासून रांग लागते. बँकेच्या खात्याचा एक आकडा गळला किंवा दोनदा उमटला, तर शेतकऱ्याचे पैसे महिनोन् महिने अडकतात. समोर बसलेल्या म्हाताऱ्याला पडद्यावरचे वाचता येत नाही. तो तिच्या बोटांवर विश्वास टाकून बसलेला असतो. तिच्या रबरी फलकावरचा तीनचा आकडा एकदा दाबला तर कधी उमटे, कधी नाही. दोन वर्षांत तिने तीन फलक बदलले.

अखेरीस आम्ही एका कचेरीच्या जुन्या सामानाच्या लिलावातून आणलेला 'गोल्ड' माळ्यावरून काढला. त्यावर रुपयाचे चिन्ह नव्हते, त्या अर्थी तो २०१० पूर्वीचा. जोडणी जुन्या गोल पिनेची होती, तिला एक छोटा जोड आणावा लागला. कळांच्या टोप्या उपटून साबणाच्या पाण्यात धुतल्या, दोन दिवस सावलीत वाळवल्या, आतली धूळ ब्रशने काढली. एक कळ तेवढी दगा देत होती: एकदा दाबली की अक्षर दोनदा उमटे. जुन्या खटक्यांचा हा नेहमीचा आजार. नांदेडच्या एका रेडिओ दुरुस्त करणाऱ्या कारागिराने तो एकच खटका सोल्डर वितळवून काढला आणि त्याच फलकावरच्या, कोणी कधी वापरत नाही अशा 'स्क्रोल लॉक' या कळेचा खटका तिथे बसवला. अर्ध्या तासाचे काम. नवीन काहीही विकत आणावे लागले नाही.

पहिल्या दिवशी पुतणी कुरकुरली. "काका, किती आवाज हा! शेजारची लेकरं अभ्यासाला बसतात." तिचे म्हणणे रास्त होते, टेबलावर जाड सतरंजीचा तुकडा अंथरल्यावर आवाज निम्मा झाला. आठवड्याने तीच म्हणाली, "आता आकडे टाकताना मला फक्त पासबुकाकडं बघावं लागतं. पडद्यावर एकदाच शेवटी बघते. मधलं काम कान करतो."

तिचे हे वाक्य ऐकले आणि आमच्या गुरुजींचा दंडक आम्हाला नव्याने उमगला. पाहायचे नाही, ते यासाठी की डोळे मोकळे राहावेत: मूळ कागदावर, समोरच्या माणसावर.

जुने ते सगळेच सोने, असे आम्ही म्हणणार नाही. जुन्या मॉडेल एमच्या आतले प्लॅस्टिकचे खिळे कालांतराने तुटतात, पावसाळ्यात स्प्रिंगला गंज चढतो आणि चहाचा पेला सांडला तर कोणताही फलक रडतो. पुष्कळ घरांना मुका फलकच सोयीचा, हेही खरे. नवे खटकेही आज अनेक कारखाने बनवतात, त्यांत चांगले-वाईट दोन्ही आहेत. तेव्हा वय पाहून वस्तू निवडू नये. ती उघडता येते का, तिचा एक भाग बिघडला तर तेवढाच बदलता येतो का आणि आपले काम झाले की नाही हे ती स्पष्ट सांगते का, एवढे तीन प्रश्न विचारावेत.

वाचकहो, तुमच्या शाळेच्या, पतसंस्थेच्या किंवा घरच्या अडगळीत असा एखादा जड, पिवळट पडलेला कळफलक असेल, तर भंगारवाल्याला देण्यापूर्वी त्याची एक टोपी हलकेच उपटून पाहा. खाली रबर दिसले तर खुशाल द्या. खाली चौकोनी डबी आणि तिच्यात रंगीत दांडी दिसली, तर तो धुऊन एखाद्या शिकणाऱ्या मुलामुलीच्या हाती ठेवा. त्यात अजून कित्येक वर्षांचे काम शिल्लक असेल.