पॅरिसचे सूर, पालिताण्याचे सूर

आमच्या निपाणीच्या भजनी मंडळाकडे दोन पेट्या आहेत. एक जुनी, पॅरिसच्या सुरांची. दुसरी गेल्या वर्षी तिच्याच मापाने बेळगावात करून घेतलेली. तेवढीच लांबी-रुंदी, तसंच सागवान, साडेतीन सप्तकं, 42 पट्ट्या, खर्ज-नर अशी दोन सुरी. सूर म्हणजे आतल्या पितळी जिभा. नवीतले सूर पालिताण्याचे आहेत. भावनगर जिल्ह्यातलं हे गाव पेटीच्या सुरांसाठी देशभर ओळखलं जातं.

जुन्या पेटीच्या भात्याचं चामडं विरत चाललं होतं. वारीच्या दिवसांत तिला सारखं हलवायला नको, म्हणून तिच्यासारखी दुसरी करायचं ठरलं. नवी आली तेव्हा आम्ही दोन्ही शेजारी ठेवून वाजवल्या. मधल्या सप्तकात डोळे मिटून ऐकलं तर आमच्यातल्या जाणत्यांनाही कोणती कुठली ते सांगता येईना. खर्जात मात्र फरक लगेच कळला. काळी एकच्या खर्जावर बोट ठेवून भाता अगदी हलका दाबला, की जुनी तत्क्षणी बोलायची. नवी आधी नुसती हवा सोडायची, मग सूर यायचा. जोर दिला की दणदणीत वाजायची, पण जोर दिल्यावरच.

साथ करणाऱ्याला हा क्षणभराचा उशीर फार छळतो. पेटीतून मींड निघत नाही, श्रुती लागत नाहीत, हा तिच्यावरचा जुना आक्षेप. त्याच कारणासाठी 1940 साली रेडिओने तिच्यावर बंदी घातली आणि ती सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला कुठे सैल झाली, तीही अटींसह. ती बंदी असतानाही आमच्या भागात पेटी थांबली नाही. रामभाऊ विजापुरे (1917–2010) यांनी बेळगावात राहून आयुष्यभर पेटी वाजवली आणि शिकवली. त्यांची पेटी ज्या गावाने ऐकली, त्या गावातला रसिक पेटीवाल्याचा डावा हात आधी बघतो. मींडेचा भास होतो तो हवेच्या चढउतारातून आणि एका पट्टीवरून दुसरीवर अलगद सरकण्यातून. सूर हलक्या हवेला बोलला नाही, तर तो भासही संपतो.

म्हणून दोन्ही पेट्या बसमध्ये घालून संकेश्वरवरून पुन्हा बेळगाव गाठलं. कारागीरमामांनी नवीची सूरपट्टी बाहेर काढली, उजेडाकडे तिरकी धरली आणि मला म्हणाले, "बघा की मास्तर, जिभेचं टोक किती वर उचललंय."

खरंच होतं. जीभ खाचेपासून जास्त उचललेली असली की तिला हलवायला हवा जास्त लागते. सूर मोठा येतो, पण उशिरा. फार खाली बसवली तर लगेच बोलते आणि जोराच्या हवेत गुदमरते. जुन्या पट्टीतल्या जिभा एकीसारखी दुसरी नव्हती. खर्जाकडे बाक वेगळा, वरच्या सप्तकाकडे वेगळा, आणि प्रत्येकीवर कानशीच्या बारीक खुणा. कुणीतरी, कदाचित एकापेक्षा अधिक हातांनी, एकेक जीभ ऐकून बसवलेली. नव्या पेटीतल्या सगळ्या एकाच बाकाच्या होत्या. धातू हलका नव्हता, खाचा ओबडधोबड नव्हत्या. त्यांच्यावर बसायला कुणाला वेळ मिळाला नव्हता, एवढंच. आम्ही पैसे मोजले होते ते पेटीचे, त्या वेळेचे नाहीत.

मामा बसले. पातळ पोलादी पट्टी जिभेखाली सरकवायची, बाक किंचित कमी करायचा, सूरपट्टी जागेवर बसवून हलकी हवा द्यायची, ऐकायचं, पुन्हा काढायची. दोन सुरी पेटीत अशा 84 जिभा. त्या दिवशी खर्जाचं एक सप्तकच झालं, बाकीचं नंतर. परत वाजवून बघितलं तर उशीर जवळजवळ गेला होता. अगदी तळाचे तीन-चार सूर अजून जुनीचेच गोड वाटतात, आणि ते तसे वाटतात हे मी मान्य करतो. त्यांच्याखेरीज नवी कुठे कमी पडत नाही. उलट तिचा भाता भरदार आहे, आणि वीस टाळकरी आणि पखवाज यांच्यासमोर ती जास्त उठून ऐकू येते.

मंडळातल्या तरुणांची आणखी एक मागणी होती. जुनी पेटी बासरीशी जुळत नाही, तर तिचे सूर चढवून घ्या. ती जुळत नाही याला कारण आहे. फ्रान्सने 1859 साली मध्य सप्तकातल्या 'ए' या स्वराला सेकंदाला 435 कंपनं अशी पट्टी ठरवून दिली. आज सगळीकडे 440 चालतात. फोनवर मोजलं तर आमची जुनी 435 च्या आसपासच निघाली. फरक दिसायला किरकोळ, म्हणजे एका पट्टीपासून लगतच्या पट्टीपर्यंतच्या अंतराचा पाचवा हिस्सा. पण बासरीबरोबर वाजवलं की कान टोचतो.

सूर चढवायचा तर जिभेचं टोक घासायचं. उतरवायचा तर मूळ घासायचं. दोन्हीकडे धातूच जातो, परत काही येत नाही. मामांनी कानस हातात घ्यायलाच नकार दिला. "नवीन कितीबी घासतो, ही ऱ्हाऊ द्या," म्हणाले. मला ते शंभर टक्के पटलं आणि मी मंडळात तसंच भांडून सांगितलं. ज्या बाकाची आणि ज्या घासण्याची नक्कल करायला आम्ही धडपडतोय, तो मूळ नमुनाच पुसून टाकला तर पुढच्या कारागिराने बघायचं काय?

त्यामुळे आता कामं वाटून दिली आहेत. बासरी किंवा की-बोर्ड असेल तिथे नवी. एका गळ्याचा अभंग असला की जुनी; तबला-पखवाज तिच्या पट्टीला मिळवून घेता येतो, गाणाऱ्याला तर काहीच अडत नाही. तिच्या भात्याचं चामडं मात्र बदललं, त्याने सुराला धक्का लागत नाही. चिकोडीच्या एका मंडळाला नवी पेटी करायची आहे, ते विचारायला आले होते. त्यांना सांगितलं, सागवान थोडं साधं चालेल, स्केलचेंजर नसला तरी चालेल. सूर बसवायच्या मजुरीचे पैसे वेगळे ठेवा आणि पेटी ताब्यात घेण्याआधी खर्जाची प्रत्येक पट्टी हलक्या हवेवर वाजवून घ्या.