अधिकचं चिन्ह

बाबांना १०० पैकी ९५ गुण मिळाले त्या दिवशी मी घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पेढ्यांचा फोटो टाकला होता. अर्धांगवायूचा झटका येऊन नऊ महिने झाले होते. उजवा हात आणि पाय गेला होता, त्यातला पाय बराचसा परत आला. फिजिओथेरपिस्ट बाईंनी बार्थेल निर्देशांकाचा कागद भरून हातात दिला. जेवण, अंघोळ, कपडे, संडास-लघवीवरचा ताबा, खाटेवरून खुर्चीत येणं, चालणं, असे एकूण दहा मुद्दे. पाच गुण गेले ते जिन्यावर. इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत मला कधी ९५ पडले नाहीत.

बाबा एसटीत कंडक्टर होते. निवृत्तीनंतर रोज संध्याकाळी कराडच्या प्रीतिसंगमावरच्या बागेत त्यांची चारपाच जणांची बैठक असायची. तुटपुंजी पेन्शन, कोयनेचं पाणी, कुणाच्या सुनेचं काय. झटक्यानंतर ते तिथे एकदाही गेले नव्हते. ९५ गुणांचा माणूस दिवसभर खिडकीशी बसून होता आणि त्या कागदावर याला रकानाच नव्हता.

हे माझ्या लक्षात आलं तेही कामामुळे. आमच्या कंपनीकडे एका पुनर्वसन केंद्राच्या नोंदींचं सॉफ्टवेअर बनवायचं काम आलं. त्यात जागतिक आरोग्य संघटनेचं 'आयसीएफ' हे वर्गीकरण बसवायचं माझ्या वाट्याला आलं. चौदाशेहून जास्त कोड. मी ते डेटाबेसच्या टेबलासारखं वाचायला घेतलं. १९८० च्या जुन्या वर्गीकरणात गोष्ट सरळ रेषेत जायची : शरीरात बिघाड, त्यातून अक्षमता, त्यातून समाजात मागे पडणं. २००१ मध्ये ती रेषा मोडली. शरीर, माणसाचा वावर आणि भोवताल हे एकमेकांना घडवतात किंवा बिघडवतात, अशी मांडणी आली. (आपल्याकडे मधल्या काळात 'अपंग'चं 'दिव्यांग' झालं. शब्द बदलायला रॅम्प बांधण्यापेक्षा खर्च कमी येतो.)

त्यात प्रत्येक कृतीला दोन आकडे देता येतात. एक क्षमतेचा : मदतीशिवाय, तपासणीच्या ठरावीक वातावरणात माणूस काय करू शकतो. दुसरा प्रत्यक्षाचा : तो स्वतःच्या जगात काय करतो. ० म्हणजे अडचण नाही, ४ म्हणजे पूर्ण अडचण. चाचणीसाठी नमुना रुग्ण हवा होता, म्हणून मी बाबांचीच माहिती भरली. घराबाहेर फिरणं, डी ४६०२ : क्षमता १, प्रत्यक्ष ४. मधले तीन कुठे गेले ते भोवतालाच्या 'ई' भागात शोधायचं. मी उखडलेला फुटपाथ भरला, जिना भरला. मग ई ४१० आला. जवळच्या कुटुंबीयांची वृत्ती.

न्हावी मी घरी बोलवायचो. बँक मोबाईलवर, किराणा घरपोच. वर्क फ्रॉम होम घेऊन आलेल्या मुलाने सगळं कसं चोख लावून दिलं होतं. झटक्याने बाबांची वाचाही अडखळली होती; शब्द माहीत असतो, तोंडात येत नाही. ज्यांचा आवाज गाडीच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचायचा, त्यांना कुणी "काय तात्या, कसं काय?" विचारलं की मीच म्हणायचो, "बरे आहेत." त्यांना शब्द सापडेपर्यंतची दहा सेकंदं मला सोसत नव्हती. सर्व्हरने तेवढा वेळ घेतला तर आम्ही तो बंद पडला असं धरतो. बागेत पडले तर, असं आई म्हणायची आणि मी मान डोलवायचो. खरं म्हणजे मित्रांपुढे ते शब्द शोधताना दिसावेत, हेच मला नको होतं. त्यांना लाज वाटेल असं मी परस्पर ठरवून टाकलं होतं. विचारलं कधीच नव्हतं.

या भागात आकड्याआधी अधिकचं चिन्ह असेल तर ती गोष्ट आधार, नुसता बिंदू असेल तर अडथळा. मी ई ४१० पुढे बिंदू दिला आणि ३ लिहिलं. म्हणजे तीव्र.

नंतर १९६५ चा मूळ लेख शोधून वाचला. डॉक्टर फ्लॉरेन्स माहोनी आणि फिजिओथेरपिस्ट डोरोथिया बार्थेल यांनी त्यातच सांगून ठेवलंय की, १०० गुण मिळाले म्हणजे माणूस एकटा राहू शकेल असं नाही. स्वयंपाक, घर सांभाळणं, लोकांत वावरणं त्याला जमेलच असं नाही. त्यांना आपल्या कागदाची हद्द माहीत होती. पेढ्यांची घाई माझी.

शनिवारी मी बाबांना विचारलं, "बागेत जायचं?" त्यांनी उत्तर न देता काठी घेतली.

मी फाटकापाशीच थांबलो. बाकावरची मंडळी सरकली, बाबा बसले. लांबून एवढंच दिसत होतं की एक जण बोलता बोलता थांबला आणि सगळे बाबांच्या तोंडाकडे बघत राहिले. बराच वेळ. मग हशा झाला. कशावर, ते मला अजून माहीत नाही.

परतताना घराशी उतरलो तेव्हा रिक्षावाला म्हणाला, "काका, उद्या किती वाजता येऊ?"

माझं तोंड उघडलं होतं, ते मिटलं. 'साडे'पर्यंत बाबा लगेच पोचले. पुढचा आकडा येईना. रिक्षावाल्याने इंजिन बंद केलं आणि तो थांबला.