लहानशी पिशवी

गेल्या आश्विनात मी एका पिशवीपायी मोहगावाहून नागपूरला दोन वेळा जाऊन आलो. मोहगाव ते सौंसर एक गाडी, सौंसरहून सावनेरमार्गे दुसरी, आणि मग सीताबर्डीच्या गर्दीतून पायपीट. पहिल्या खेपेस रिकाम्या हातांनी परतलो तेव्हा आमच्या वहिनी ओसरीवर तूर निवडीत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "भाऊजी, मुलगी पाहायला निघालेले लोकही इतक्या चकरा मारत नाहीत बाप्पा!"

त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. पिशवी ती काय, कॅमेरा ठेवण्याची! परंतु तिच्या मागे एक गोष्ट आहे, ती आधी सांगितली पाहिजे.

मी काही छायाचित्रकार नव्हे. सारा जन्म शाळामास्तरकीत गेला. २०१४ साली निवृत्त झालो तेव्हा परगावी नोकरीस असलेल्या मुलाने मला एक चांगला कॅमेरा आणून दिला. त्याजबरोबर दुकानदाराने एक मोठी काळी पिशवी फुकट दिली होती. तिच्यात कॅमेरा, दोन लेन्स, चार्जर, कागदपत्रे, पुसण्याची फडकी असे सर्व काही मावे. आणि मावत असे म्हणून मी ते सर्व काही तिच्यात भरून ठेवीत असे. पुढे एकदा किराणा दुकानाच्या काट्यावर ती पिशवी रिकामी करून ठेवली, तर नुसती पिशवीच दीड किलो भरली. कॅमेरा तिच्याहून हलका निघाला! असे ओझे खांद्यावर घेऊन कोणी शेतावर जात नाही. म्हणून ती कपाटावर राहिली, आणि तिच्या पोटात कॅमेराही राहिला.

२०१५ साली नागपूर-छिंदवाडा ही आमची छोटी गाडी मार्ग रुंद करण्यासाठी बंद झाली. त्या गाडीत बसून मी शिकण्यास गेलो, नोकरीस गेलो. तिचे एकही चित्र मजजवळ नाही. "उद्या जाऊ" असे म्हणता म्हणता उद्या गाडीच नव्हती.

तथापि गाडीचे दुःख मी गिळले असते. २०१९ च्या पोळ्याचे मात्र गिळता येत नाही. दादांनी त्या वर्षी बैल फार हौसेने सजविले होते. शिंगांना बेगड, अंगावर नवी झूल, गळ्यात घुंगरमाळा. दादांच्या मनात काय चालले होते हे तेव्हा आम्हांला ठाऊक नव्हते. त्यांनी त्याच हिवाळ्यात ती जोडी विकली व नांगरणी भाड्याच्या ट्रॅक्टरवर सोपविली. पोळ्याच्या दिवशी आभाळ भरून आले होते. पाऊस येईल, पिशवी अवजड, कोठे सांभाळीत बसू, असा विचार करून मी हात हालवीत गेलो. (दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यास जाम नदीवर गोटमार असते, तेथे कॅमेरा नेण्याचे धाडस मला कधीच झाले नाही. पण आपल्या घरच्या पोळ्याला काय हरकत होती?) पुतण्याने मोबाइलवर एक फोटो घेतला. त्यात बैल शेपटीपर्यंत स्पष्ट आहेत, आणि दादांचा चेहरा शिंगाआड गेला आहे.

२०२१ साली दादा गेले. भिंतीवर लावण्यास फोटो शोधू लागलो, तेव्हा घरात आधार कार्डावरचा तेवढा सापडला. तो मोठा करून घेण्यास एका स्टुडिओत दिला. स्टुडिओवाल्याने आपल्या रीतीप्रमाणे त्यास कोट व टाय चढविला. दादांनी उभ्या आयुष्यात कोट घातला नव्हता. आता भिंतीवरचे दादा कोट घालून कोठेतरी तिसरीकडे पाहत बसले आहेत. वहिनी त्या फोटोला हार घालतात, पण त्याच्याकडे फारशा पाहत नाहीत.

कोणी म्हणेल, मोबाइल खिशात असताना कॅमेऱ्याचे ओझे हवे कशाला? मोबाइलला मी नावे ठेवणार नाही. तो नसता तर आम्हा खेडुतांजवळ आज आहेत त्याच्या निम्मेही फोटो नसते. परंतु दिवेलागणीच्या मंद उजेडात, फेट्याच्या सावलीत बुडालेला चेहरा, किंवा दूर बांधावर उभे असलेले माणूस टिपावयाचे झाल्यास कॅमेऱ्याची मोठी काच अद्यापि त्याच्या पुढे आहे. तिला तेथवर नेले मात्र पाहिजे.

माझ्या मामांजवळ आग्फा क्लिक-थ्री नावाचा साधा कॅमेरा होता. १९६० नंतरच्या काळात आपल्याकडे पुष्कळ घरांतून तो असे. एका रिळावर बारा फोटो निघत. त्याला चामड्याचे एक घर होते. बटण काढले की पुढचे झाकण खाली लोंबे, कॅमेरा त्या घरातच राही, आणि मामा गळ्यातल्या गळ्यात फोटो काढीत. पिशवी उघडण्याचा प्रश्नच नव्हता. मामा बाजारास निघाले तरी तो त्यांच्या गळ्यात असे, म्हणूनच आमच्या आजीचा चुलीपुढे बसलेला फोटो आज आमच्याजवळ आहे.

मोठमोठ्या लोकांनाही ही अडचण सुटलेली नाही. भारताच्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला (१९१३–२०१२) साडी नेसून, जड कॅमेरे घेऊन दिल्लीत सायकलवरून हिंडत. त्यांच्यापुढे माझ्या दीड किलोची तक्रार करण्यास मला लाज वाटते. अमेरिकेत फिलाडेल्फिया येथील एका वृत्तपत्राचे छायाचित्रकार जिम डॉम्के यांनी १९७० नंतरच्या दशकात कापडी कॅनव्हासची एक मऊ पिशवी बेतली, कारण त्या वेळच्या ताठ पेट्या कामाच्या धावपळीत अंगाला टोचत. इंग्लंडातील बिलिंगहॅम हे कारखानदार १९७३ पासून मासे धरणाऱ्यांसाठी पिशव्या करीत. पुढे त्यांना कळून आले की त्यांच्या पिशव्या फोटोवालेच अधिक नेतात. ओल्या गवतात टाकता येते, भिजली तरी आतले कोरडे राहते, आणि हात घातला की वस्तू हाती येते, हे गुण मासेवाल्याला जसे लागतात तसेच फोटोवाल्यालाही.

मी मात्र शहाणपण शिकलो ते संत्र्याच्या खोक्यापासून. पहिल्या खेपेस सीताबर्डीत इतक्या पिशव्या पाहिल्या की डोके भणाणले. एका दुकानातील तरुण पोराने प्रत्येक पिशवी उघडून "काका, यात हेही मावते, तेही मावते" असे सांगण्याचा सपाटा लावला. मावण्यानेच तर माझा घात केला होता! घरी येऊन मी कॅमेऱ्याला लहान लेन्स लावून टाकली, तो एका टॉवेलात गुंडाळला, आणि खोक्याचा पुठ्ठा कापून त्याच्या मापाची पेटी केली. पेटीला सुतळी बांधून ती आठ दिवस खांद्यास लावून हिंडलो. लोक हसले. पण त्या आठ दिवसांत कळले की मोठी लेन्स एकदाही आठवली नाही; चार्जर घरीच बरा; एक जादा बॅटरी, एक जादा कार्ड व एक स्वच्छ फडके एवढ्यावर भागते. पेटी उजव्या कुशीवर असली की मोटारसायकलवर बसताना आड येते, डाव्या कुशीवर पुढे ओढून घेतली की येत नाही. आणि पट्टा अरुंद असला तर दुपारपर्यंत मान धरते.

दुसऱ्या खेपेस ती पुठ्ठ्याची पेटी घेऊनच नागपूरला गेलो. पेटी जिच्यात नेमकी बसेल आणि वर बोटभर जागा राहील, तीच पिशवी पाहावयाची, दुसरी नाही. दुकाने पटापट आटोपली.

चामड्याची एक सुरेख होती, पण आमच्या श्रावणात चामड्याला बुरशी धरते, आणि ती बुरशी लेन्सच्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी पसरली की काच वाया गेलीच म्हणून समजावे. काळ्या नायलॉनची एक हलकी होती, परंतु काळा रंग ऊन पितो. आमच्याकडे वैशाखात पारा पंचेचाळीसपर्यंत चढतो, तेव्हा मोटारसायकलच्या टाकीवर ठेवलेल्या काळ्या पिशवीत हात घालवत नाही. शिवाय तिच्यावर कंपनीचे नाव एवढ्या ठळक अक्षरांत होते की आत काय आहे हे चोराला वेगळे विचारण्याची गरज उरली नसती. अखेर मातकट रंगाची जाड कॅनव्हासची घेतली. तळ ताठ, आतील अस्तर फिकट (काळ्या अस्तरात लेन्सचे काळे झाकण हरवते), चेनीवर कापडाची पडदी, पट्टा तीन बोटे रुंद. चेन अंगाच्या बाजूने उघडते, म्हणजे गर्दीत परक्याचा हात सहजी आत जाणार नाही. विकणारा म्हणाला, "काका, पाणी लागूच शकत नाही!" मी पेलाभर पाणी मागून चेनीवर ओतले. आत थेंब पाझरले. बिचारा ओशाळला, मी म्हणालो, "बाबा, पाणी लागतेच, फक्त उशिरा लागते." पावसाळ्यात तिच्यात एक घडी केलेली प्लास्टिकची थैली असू द्यावी, म्हणजे झाले.

आणखी एक गोष्ट त्या पिशवीत मला नको होती. वरचे झाकण दोन खरखरीत पट्ट्या एकमेकींस चिकटवून बंद होत असे. या पट्ट्यांचा मला धसका आहे. काही वर्षांपूर्वी माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचे लग्न नागपूरला चर्चमध्ये होते, आणि तिने आग्रहाने मला बोलाविले होते. मिस्सा चालू असताना, वधूवर गुडघे टेकून असताना, सारे मंदिर निःशब्द झाले होते, आणि मी मागल्या बाकावर त्या मोठ्या काळ्या पिशवीचे झाकण उघडले. चर्रर्र! फादरांनी मान वर केली नाही, हा त्यांचा मोठेपणा. माझ्या पुढल्या बाकावरील एका आजीने मात्र वळून पाहिले. त्या दृष्टीपुढे मी कॅमेरा काढलाच नाही, आणि त्या मुलीलाही माझ्याकडून फोटो मिळाला नाही.

वहिनींना हे सांगितले तेव्हा त्यांनी काही न बोलता पिशवी ओढून घेतली. सुईने टाके उसवून त्या पट्ट्या काढल्या, आणि त्यांच्या जागी दादांच्या जुन्या सदऱ्याची दोन बटणे लावून काजे केली. आता झाकण आवाज न करता उघडते. पावसाळ्यात रोज घरी आल्यावर मी कॅमेरा पिशवीत राहू देत नाही. घट्ट झाकणाच्या डब्यात, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुडीसह ठेवतो. निळे दाणे गुलाबी झाले की ते मंद आचेवर तापवून पुन्हा कोरडे करून घेतो. तांदळात ठेवण्याचा उपाय पुष्कळजण सांगतात, पण तांदळाची भुकटी काचेवर बसते. पिशवी खुंटीला, उघडी.

गेल्या माघात शेतावर गेलो असता वहिनी विहिरीच्या थारोळ्यावर बसून भाकरी सोडीत होत्या. ऊन तिरपे होते. मी एक बटण काढले, चेन ओढली, आणि त्यांनी वर पाहिले तेव्हा फोटो झाला होता. "आधी सांगायचं होतं, पदर तरी नीट केला असता," त्या रागावल्या. मी फोटो छापून आणून दिला. त्यांनी तो बराच वेळ पाहिला, मग भिंतीकडे, कोटातल्या दादांकडे पाहिले. फोटो त्यांनी भिंतीवर लावू दिला नाही. रेशनकार्ड ठेवतात त्या पत्र्याच्या डब्यात, अगदी वर, तो ठेवला आहे.